फुटबॉलची हौस आणि घरची वही

मैत्रिणींनो, 'हौसेला मोल नाही' असे आपल्याकडे म्हणतात. असे पहिल्यांदा म्हणणारा माणूस घरखर्चाची वही लिहिणारा नसावा. हौसेला मोल असते, ते महिन्याच्या महिन्याला चुकते करावे लागते, आणि बहुतेक घरांत त्याची काळजी वाहायची ती आपणच. म्हणून आज अशाच एका हौसेबद्दल तुमच्याशी बोलायचे आहे. ती हौस म्हणजे फुटबॉल.

'फुटबॉलचे काय एवढे? एक चेंडू आणि बावीस माणसे!' असे दुसऱ्या गावच्या एखाद्या भगिनीला वाटेल. तिने आम्हां कोल्हापूरच्या बायकांना विचारावे. क्रिकेट असेल साऱ्या देशाचे, आमच्या पेठांचा जीव मात्र फुटबॉलवर. तालीम म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे कुस्तीचा आखाडा येईल, पण आमच्याकडे तालमीचा फुटबॉल संघ असतो. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नावे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. पावसाळा सरून थंडी पडू लागली की राजर्षी शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचे सामने सुरू होतात आणि मग उन्हाळ्यापर्यंत स्पर्धेमागून स्पर्धा. माझ्या एका मैत्रिणीचे माहेर मंगळवार पेठेत आणि सासर शिवाजी पेठेत. दोन पेठांचा सामना असला की ती कुणाच्या बाजूची, हे तिला कुणी विचारत नाही. तीही शहाणी, सांगत नाही.

अलीकडे या घरच्या फुटबॉलला विलायती फुटबॉलची जोड मिळाली आहे. पेठेतला संघ एक, इंग्लंडमधला एक, शिवाय चार वर्षांनी येणाऱ्या विश्वचषकासाठी अर्जेंटिना नाहीतर ब्राझील. म्हणजे एका माणसाची तीन-तीन सासरे सांभाळण्यासारखे झाले! १८ डिसेंबर २०२२ ला अर्जेंटिनाने पेनल्टीवर फ्रान्सला हरवले, त्या रात्री आमच्या गल्लीत जे फटाके वाजले तसे लक्ष्मीपूजनालाही वाजले नव्हते.

हे सगळे गमतीचे. पण गंमत ओसरल्यावर वही उघडावी लागते. आमच्या घरात हे, माझे धाकटे दीर आणि आठवीतला मुलगा असे तीन फुटबॉलवाले आहेत, त्यामुळे मी जे सांगते ते पुस्तकातले नाही. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. माझा पगार ठरावीक आणि तो कुठे जातो हे मला ठाऊक असावे असा माझा हट्ट असतो.

पहिली गोष्ट, फुटबॉलवेड्यावर रागे भरण्याआधी त्याचा आठवडा नीट पाहा. सकाळी पेपर हातात आला की शेवटचे पान आधी. दुपारी डबा खाताना फोनवर कोण खेळाडू कुठल्या संघात चालला याच्या बातम्या. शनिवारी संध्याकाळी इंग्लंडचा सामना. तिकडे दुपारचे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ झालेले असतात, आणि त्यांनी उन्हाळ्यात घड्याळे पुढे केली की साडेसात. म्हणजे नेमकी आपल्या पोळ्यांची वेळ! रविवारी सकाळी मित्रांबरोबर हिरव्या गालिच्यासारख्या भाड्याच्या मैदानावर तासभर खेळ, मग मिसळ. मोसमात दुपारी चारला स्टेडियम. पाहा बरे, यात दारू नाही, पत्ते नाहीत, रात्री-अपरात्री भलतीकडे जाणे नाही. चार मित्र, थोडा घाम, थोडी आरडाओरड. कामावर दिवसभर 'हो साहेब' म्हणणाऱ्या माणसाला तासभर पंचाला नावे ठेवता आली तर त्याचे मन हलके होते. तेव्हा हौस बंद करणे हा उपाय नव्हे. हौसेला घरात तिची जागा दाखवून देणे, हा उपाय.

ती जागा म्हणजे वहीतले एक पान. दूध, किराणा, वीज, शाळेची फी यांना जसे पान असते तसे 'खेळ' म्हणून एक पान घाला. महिनाभर काहीही न बोलता फक्त लिहीत जा. आमच्याकडे हे केले तेव्हा एक मजेशीर गोष्ट कळली. मैदानाचे भाडे बारा जणांत वाटले की माणशी शंभर रुपये पडत. खेळ झाल्यावरची मिसळ, जादा पाव, चहा आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचे निमित्त मिळून मात्र दीडशेच्या पुढे जात. चार रविवारांचे खेळाचे चारशे, खेळानंतरचे सहाशे! म्हणजे खर्च फुटबॉलचा नव्हताच, मिसळीचा होता. मी काही बोलले नाही, पान फक्त पुढे सरकवले. आता दोन रविवार बाहेरची मिसळ आणि दोन रविवार घरी कांदेपोहे असे ठरले आहे. पोहे करायला दीर स्वतः उभे राहतात, हे मुद्दाम सांगते; नाहीतर खर्च वाचला त्यांचा आणि काम वाढले आपले, असे व्हायचे.

दुसरा मोठा खर्च जर्सीचा. परदेशी क्लब दर हंगामाला नव्या जर्सी काढतात, त्याही बहुधा तीन: घरच्या मैदानाची, बाहेरच्या मैदानाची आणि आणखी एक. त्यामुळे 'माझ्याकडे जर्सी नाही' हे वाक्य दर ऑगस्टला नव्याने खरे ठरते. अस्सल जर्सीतही दोन जाती असतात. एक खेळाडूंसाठी असते तशी: पातळ, अंगाला चिकटणारी, बिल्ला उष्णतेने चिकटवलेला, आणि महाग. दुसरी चाहत्यांसाठीची: थोडी सैल, बहुधा शिवलेल्या बिल्ल्याची, धुण्याला टिकणारी आणि स्वस्त. मिसळीवर प्रेम करणाऱ्या पोटाला दुसरीच शोभते, हे प्रेमाने समजावून सांगा. त्यातही हंगाम मेमध्ये संपला की त्या वर्षीची जर्सी बरीच उतरत्या किमतीला मिळू लागते. दोन-तीन महिने थांबण्याची तयारी असेल तर तोच रंग, तोच बिल्ला कमी पैशांत घरी येतो. आणि पाठीवर खेळाडूचे नाव घालून घेण्याचा मोह टाळावा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मेस्सी बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला, तेव्हा किती घरांत त्याच्या नावाच्या जर्सी कपाटाच्या तळाशी गेल्या असतील! खेळाडू जातो, संघ राहतो. नाव न घातलेली जर्सी वर्षानुवर्षे चालते.

आता ती धुवायची कशी? हे आपले खाते. जर्सी उलटी करून गार पाण्यात, सौम्य साबणाने धुवावी. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रावण अजिबात घालू नये. त्याचा थर कापडावर बसतो आणि घाम शोषून वाळवण्याचा त्या कापडाचा गुण जातो. जीन्स किंवा चेन असलेल्या कपड्यांबरोबर मशिनमध्ये टाकली की धागे ओढले जातात. वाळत घालायची ती सावलीत, आणि आकड्यांवर इस्त्री कधीही फिरवू नका, ते वितळून चिकटतात. चिखलाचा डाग लागला असेल तर लगेच पाण्यात बुडवू नका. चिखल पूर्ण वाळू द्या, झटका, ब्रशने घासा, मग धुवा. ओला चिखल चोळला की तो कापडात अधिकच मुरतो.

बुटांचेही तसेच. स्टड्स भिजून आले की पोरे ते उन्हात नाहीतर गॅसजवळ ठेवतात. उष्णतेने तळव्याचा गोंद सुटतो आणि बूट महिन्याभरात तोंड उघडतो. लेसा सैल करून आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबावे, दोन तासांनी बदलावे आणि वाऱ्यावर ठेवावे. पायाला वाढ असलेल्या मुलाला बूट घेताना 'पुढच्या वर्षीही होतील' म्हणून दोन मापे मोठे घेऊ नका. चप्पल मोठी चालते. खेळाचा बूट मोठा असला की पाय आत घसरतो, फोड येतात आणि घोटा मुरगळतो. बोटापुढे अर्धा अंगठा जागा राहिली की पुरे. पैसे वाचवायचे असतील तर वाढत्या वयाच्या मुलांचे चांगले राहिलेले बूट शेजारीपाजारी फिरवा. शाळेची पुस्तके देतो-घेतो, मग बूट का नाही?

चेंडू घेताना दुकानदाराला आकडा विचारा. मोठ्यांचा चेंडू पाच नंबरचा: घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबर, त्याहून लहानांना तीन नंबर. सहा वर्षांच्या मुलाला पाच नंबरचा चेंडू दिला तर तो फुटबॉल खेळत नाही, फुटबॉल त्याला खेळवतो. हवा भरताना पंपाची सुई कोरडी घालू नये, ग्लिसरिनचा किंवा पाण्याचा थेंब लावावा. नाहीतर झडप चिरते आणि नवा चेंडू आठवड्यात बसतो.

तिसरा खर्च डोळ्यांना न दिसणारा. सामने पाहण्यासाठी फोनवर नाहीतर टीव्हीवर वर्गणी भरावी लागते, आणि ती एकदा भरली की पुढच्या महिन्यापासून खात्यातून आपोआप कापली जाते. इंग्लंडचा हंगाम ऑगस्टपासून मेपर्यंत. जून-जुलैत सामनेच नसतात. पैसे मात्र निमूटपणे जात राहतात. घरात कुणाकुणाच्या फोनवरून कोणकोणती वर्गणी जाते हे एका रविवारी सगळ्यांनी मिळून पाहा. आमच्याकडे एकाच गोष्टीची वर्गणी दोन भाऊ वेगवेगळी भरत होते, आणि पाहत होते एकाच टीव्हीवर, एकाच सोफ्यावर बसून!

लहान मुलांच्या फोनवरील फुटबॉलच्या खेळांत खेळाडू विकत घ्यायला नाणी लागतात, आणि ती नाणी खऱ्या रुपयांनी येतात. फोनमधल्या पैसे भरण्याच्या सोयीला कुलूपशब्द घाला आणि तो मुलाच्या वाढदिवसाची तारीख असू देऊ नका.

आता जरा गंभीर बोलते. हौस आणि व्यसन यांच्यामधला उंबरठा म्हणजे पैज. 'आज कोण जिंकणार?' म्हणून चहाची पैज लागते तोवर हसण्यावारी नेता येते. पण सामना पाहताना माणसाचे लक्ष खेळाकडे कमी आणि फोनकडे जास्त, संघ जिंकूनही चेहरा पडलेला, पगाराच्या दुसऱ्या आठवड्यातच उसनवारी, फोन पालथा ठेवण्याची सवय, अशी लक्षणे दिसली तर गप्प बसू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांच्या पैशांच्या देवघेवीवर बंदी घातली. त्यातली शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आहे, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. 'सांगितले तर आपलाच माणूस अडकेल' या भीतीने बायका तोंड उघडत नाहीत, म्हणून हे ठळकपणे सांगते. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या सरकारी क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितके पैसे परत मिळण्याची आशा अधिक. दागिना गहाण टाकून ते देणे गुपचूप फेडू नका. आज फेडलेले गुपित उद्या दुप्पट होऊन दारात येते. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या, शांत डोक्याच्या माणसाला बरोबर घेऊन, वही समोर ठेवून बोला.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर हे सारे लिहायला बसले, ती गोष्ट.

माझ्या वर्गात सातवीतली एक मुलगी आहे. मधल्या सुट्टीत मुलांत घुसून खेळते, डाव्या पायाने असा चेंडू काढते की मुले बघत राहतात. शाळेच्या मुलींच्या संघात तिची निवड झाली. सरावाला ती कापडी बुटांत आली, पावसात घसरून गुडघा फोडून घेतला. 'स्टड्स का नाही घेतले गं?' विचारले तर म्हणाली, 'आई म्हणती, पोरीला कशाला पायजेत, दोन वर्षांनी खेळ सुटनारच हाय.' मी एकदा सहज तिच्या घरी गेले. दोरीवर तिच्या थोरल्या भावाच्या तीन जर्सी वाळत होत्या.

मी आईला उपदेश केला नाही. ती बिचारी शिवणकाम करून घराला हातभार लावणारी. कुणी येऊन शहाणपण शिकवावे अशी तिची स्थिती नव्हती. मी एवढेच म्हटले, 'या तीन जर्सी कितीला आल्या हो?' तिने दोरीकडे पाहिले. मनात हिशेब केला असावा. म्हणाली, 'तो हट्ट करतो म्हणून घेतो, ही मागत नाही म्हणून राहून जातं.'

मैत्रिणींनो, हे वाक्य मला अजून विसरता येत नाही. किती घरांचा हिशेब या एका वाक्यात आहे! जो हट्ट करतो त्याची हौस आणि जी मागत नाही तिची चैन. त्या माउलीने पुढच्या महिन्यात मुलीला साधेसे स्टड्स आणले. भावाने थोडी कुरकुर केली, पण आता तोच तिला संध्याकाळी पास द्यायला शिकवतो म्हणे.

खेळ सुटणारच आहे, असे आपण मुलींच्या बाबतीत किती सहज ठरवतो! ५ जुलै २०२५ ला आपल्या देशाच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवले आणि आशियाई चषकात जागा मिळवली. त्यांच्याही घरी कुणी तरी कधी तरी स्टड्स आणून दिलेच असतील ना? आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला, तो एका रिक्षाचालकाचा मुलगा. घरात पैसा नसतानाही मुलाच्या खेळाला जागा काढता येते, हे त्या घराने दाखवले. तशी जागा मुलीलाही काढता येईल. सगळ्याच काही देशाकडून खेळणार नाहीत. पण मैदानावर धावलेली मुलगी पुढे आयुष्यात पडली तरी गुडघा झाडून उठते, एवढे शिक्षिका म्हणून मी खात्रीने सांगते.

शेवटी आपल्याविषयी. वहीतल्या 'खेळ' या पानावर ह्यांचे नाव आहे, दिरांचे आहे, मुलाचे आहे. तुमचे आहे का? भिशीचे पैसे, नाटकाचे तिकीट, वाचनालयाची वर्गणी, मैत्रिणींबरोबर रंकाळ्यावर एक संध्याकाळ आणि भेळ, तुमची जी काही हौस असेल ती त्याच पानावर, त्याच शाईने लिहा. 'उरले तर बघू' या रकान्यात नको. उरत कधीच नसते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? आणि पैशांइतकाच हिशेब वेळेचाही ठेवा. युरोपातले मोठे सामने आपल्याकडे रात्री साडेबाराला नाहीतर दीडला सुरू होतात. ज्याला पाहायचे त्याने जरूर पाहावे, पण चहा त्याचा त्याने करावा, आवाज बारीक ठेवावा आणि कप विसळून ठेवावा. हे एकदा हसतखेळत ठरवून टाकले की पहाटेचा त्रागा टळतो. २०२२ च्या विश्वचषकात ३२ संघ आणि ६४ सामने होते. २०२६ साठी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यजमान ठरले, ते ४८ संघ आणि १०४ सामने घेऊन! तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. तेव्हा असे नियम कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या आधीच ठरलेले बरे.

एक मात्र करून पाहा. कधी तरी तासभर त्यांच्याशेजारी बसून सामना पाहा आणि ऑफसाइड म्हणजे काय ते विचारा. ते समजावताना त्यांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो. मग पुढच्या आठवड्यात तुमच्या आवडीच्या नाटकाला त्यांना घेऊन जा. तिथे त्यांनी घड्याळ पाहिले तर सांगा, 'थांबा, अजून जादा वेळ बाकी आहे!'

या महिन्यात खेळाचे पान उघडा. पहिल्या ओळीवर तुमचे नाव घाला, दुसऱ्या ओळीवर मुलीचे. बाकीची मंडळी आपली जागा आपण मागून घेतील, त्यांना ती सवय आहे.